ईसीएम गेलाय म्हणताय? या चुका टाळा

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी पकडत नाही. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर इंजिनाशी बोलणंच होत नाही. दोन गॅरेजं फिरून झाली की कुणीतरी ठामपणे सांगतो, "ईसीएम गेलाय, बदलावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मालक पैसे मोजतो, नवा ईसीएम बसतो आणि गाडी तरीही जागची हलत नाही.

ईसीएम जातच नाही असं नाही. पाणी शिरलं, बॅटरीच्या केबली उलट्या लागल्या, बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग झालं, की जातो. पण काहीही न घडता आपणहून जाणं क्वचितच. घरात अंधार झाला तर आपण टीव्ही दुरुस्तीला नेत नाही, आधी फ्यूज बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र भले भले उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

कोड आधी उडवू नका

स्कॅनर हातात आला की पहिलं बटण "क्लिअर"चं दाबायची सवय वाईट. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, गाडीचा वेग काय. कोड उडवला की तीही गेली. आधी मोबाइलवर फोटो काढा.

इंजिन स्कॅनरवर येत नसेल तर एबीएस, म्हणजे ब्रेकचा कॉम्प्युटर, येतोय का बघा. एबीएसमध्ये यू०१०० असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की इंजिनाच्या ईसीएमकडून निरोप येत नाही. तो मेलाय की त्याला सप्लाय नाही, हे तो कोड सांगत नाही. चावी ऑन केल्यावर चेक लाइटही पेटत नसेल, तर संशय आधी सप्लायवर घ्या.

व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय आहे असं नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि मेकॅनिक "सप्लाय ओके" म्हणून पुढे जातो. वायरच्या आतली एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवणार, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या. ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि सप्लायची वायर व बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये तो लावा. लख्ख पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी दम नाही. अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या वायरीसाठी बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला.

एक गंमत लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत मेन रिले (ईसीएमला सप्लाय जोडणारा स्विच) ईसीएम स्वतःच ओढतो. कपलर काढला की रिले पडतो, त्यामुळे रिलेमागच्या पिनेवर सप्लाय दिसणारच नाही. ते पाहून वायरिंग उकलायला बसू नका. आधी कायमचा सप्लाय आणि इग्निशनचा सप्लाय येतोय का ते बघा.

आणि तो बल्ब सेन्सरच्या वायरींना चुकूनही लावू नका. तसंच मीटरची जाड सुई कपलरच्या पिनेत समोरून खुपसू नका. पीन फाकते आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट आपणच तयार करतो.

अर्थची खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते. कपलर जोडलेला ठेवून मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, लाल वायर कपलरच्या मागच्या बाजूने ईसीएमच्या अर्थ पिनेवर, आणि दुसऱ्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर ईसीएम सोडा, अर्थचे बोल्ट शोधा. कोकणात आणि किनाऱ्यालगत त्याखाली हिरवट-पांढरा थर हमखास सापडतो. घासून कसला की अर्ध्या तासाचं काम.

पाच व्होल्ट गायब

ईसीएम थ्रॉटल, मॅप (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), एसी प्रेशर अशा सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो. त्यातला एक शॉर्ट झाला किंवा उंदराने वायर कुरतडली, की त्याच लाइनवरचे सगळेच सेन्सर बसतात आणि कोडांची रांग लागते. चावी ऑन ठेवा, ५ व्होल्टवर मीटर लावा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याला काढल्यावर व्होल्टेज परत आलं, तो सेन्सर किंवा त्याची वायर गुन्हेगार. एसीच्या सेन्सरमुळे इंजिन बंद पडू शकतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून तो शेवटपर्यंत जोडलेलाच राहतो.

ईसीएम आणि एबीएस ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती कॅन लाइनही मिनिटभरात तपासता येते. बॅटरी सोडवून स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनवर नाही, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

खरंच गेला असेल तर

सप्लाय, अर्थ, ५ व्होल्ट, कॅन सगळं ठीक, आणि पी०६०६ सारखा प्रोसेसरचा कोड पुन्हा पुन्हा येतोय, तर ईसीएमवर बोट ठेवा. पण तो का गेला हे कळल्याशिवाय नवा लावू नका. इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल तर तिने जुन्या ईसीएममधलं तिला चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जाळलं, ती नव्यातलंही जाळेल.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला दिसायला तसाच ईसीएम सहसा चालत नाही. लेबलावरचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही जुळायला हवेत, आणि चावी ओळखणारा इमोबिलायझर जुळला नाही तर गाडी स्टार्ट होऊन लगेच बंद पडेल किंवा स्टार्टच होणार नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये बहुधा इंजेक्टरवर छापलेले कोडही भरावे लागतात.

प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरी बसली तर नवा ईसीएमही वाया जातो. स्थिर सप्लाय जोडलेला नसेल तर ते काम सुरूच करू देऊ नका. साधा चार्जर इथे चालत नाही.

जुना ईसीएम गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यातला डेटा वाचता आला तर तो दुसऱ्या तशाच ईसीएममध्ये उतरवता येतो, आणि चावीची जुळवाजुळव बरेचदा टळते. बिलावर दोन्ही ईसीएमचे नंबर लिहून घ्या.