लेकरू आणि रस्ता : या चुका टाळा

केज-अंबाजोगाई रस्त्यावरच्या एका फाट्यावर एसटी थांबली. सात-आठ वर्षांची पोरगी दप्तर सावरत उतरली. पलीकडं मोटारसायकलवर बाप. त्यानं हाक दिली, "ये गं, पळ पळ!" पोरगी बसच्या पुढून पळाली आणि बसला ओव्हरटेक करत आलेला पिकअप तिच्यापासून हातभरावर करकचून थांबला. बापानं वर पोरीलाच एक ठेवून दिली.

चूक तिची नव्हतीच. बाप दिसला की लेकराला रस्ता दिसत नाही. म्हणून पलीकडून हाक मारायची नाही. न्यायला जाणाऱ्यानं बस थांबते त्याच बाजूला थांबायचं. बस पुढं निघून जाऊ द्या, दोन्हीकडचं नीट दिसू द्या, मग ओलांडा. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर कापते, म्हणजे एसटीच्या लांबीहून जास्त. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. आणि ओलांडताना लेकराचं मनगट धरा. बोट सुटतं.

ट्रॅक्टरचं मडगार्ड ही बसायची जागा नव्हे, हे आपल्याकडं कुणाला पटत नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर मडगार्डवर एक आणि ट्रॉलीत बोचक्यांवर चार लेकरं हे नेहमीचंच चित्र. एक खड्डा, एक गचका, आणि खाली मोठं चाक. अंगणात ट्रॅक्टर मागं घेतानाही आधी खाली उतरून मागं बघा. सीटवरून ट्रॉलीमागचं खेळतं पोर दिसत नाही.

स्कूटीवर पुढं उभं केलेलं लेकरू ब्रेक लागताच हँडलवर आदळतं. कधी गाडी चालू असताना त्याचाच हात अॅक्सिलरेटर पिळतो. ९ महिने ते ४ वर्षांच्या लेकराला मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा २०२३ पासूनचा नियम आहे. चार वर्षांपुढं हेल्मेट सक्तीचंच. गावात लोक हसतील. हसू द्या.

"शेतापर्यंतच तर जायचंय" म्हणून दहावीतल्या पोराच्या हातात किल्ली देऊ नका. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आपल्या दारातली स्कूटी बहुधा १०० सीसीच्या वरची असते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्यात पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

एवढं करूनही अपघात झालाच, तर लेकराला उचलून बसवू नका, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. "हॉटेलापाशी या" म्हणून भागत नाही. फाट्याचं नाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.