गोळा डोलायचा थांबला

तीन रविवार माझा मातीचा गोळा कुंभाराच्या चाकावर नुसता डोलत होता. कोथरूडहून बसनं कसबा पेठेत यायचं, दोन तास चिखल उडवायचा आणि रिकाम्या हातानं परत. भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ, अन् भांडं फतकल मारून बसायचं. मी पाणी वाढवत होतो. त्यानं माती आणखीच लिबलिबीत व्हायची.

शेवटी कुंभारवाड्यातले काका म्हणाले, "अहो, नुसत्या हातानं काय ढकलताय? कोपर मांडीला टेकवा, अंगाचा भार द्या." कोपर टेकलं आणि मनगटाची थरथर गेली. मग गोळा दाबत सुळक्यासारखा वर चढवला, परत खाली बसवला, असं तीनदा. हात झटकन काढायचे नाहीत, हळूहळू सैल करायचे. झटका बसला की गोळा सरकतो. पाणी फक्त हात अडखळायला लागला तरच.

खात्रीसाठी फिरत्या गोळ्याला बोटाचं टोक अलगद लावतो. सगळीकडे सारखी रेघ उठली की जमलं. तुटक उठली तर पुन्हा कोपर मांडीला.

काल एक वाटी निघाली. तळ जाडच आहे. आईनं तिच्यात मीठ ठेवायचं ठरवलंय. म्हटलं, आधी वाळू दे, भट्टीतून येऊ दे.