पावसाच्या म्हणी कशा टिपाव्यात आणि कशा पडताळाव्यात

पावसाच्या म्हणींचे संग्रह मराठीत पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेकांत म्हण तेवढी असते आणि ती कोणत्या भागातली, कोणत्या जमिनीची व कोणत्या पिकाविषयीची, हे नसते. एवढ्या माहितीवाचून ती खरी की खोटी हा वादच व्यर्थ ठरतो, म्हणून जमवणाऱ्याने आरंभापासूनच म्हण पुढे पडताळता येईल अशा रीतीने टिपावी.

'पडतील स्वाती, तर पिकतील मोती' ही सर्वपरिचित म्हण पाहावी. स्वाती नक्षत्र साधारणपणे २४ ऑक्टोबरच्या सुमारास लागते आणि तेरा-चौदा दिवस चालते. त्या वेळी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी लहान असते आणि पुढे पाऊस जवळजवळ नसल्यामुळे तिला जमिनीतल्या ओलीवरच वाढायचे असते, त्यामुळे या दिवसांतील एक चांगली सर पिकाला तारून नेते. हाच पाऊस कोकणात कापणीला आलेला भात आडवा करतो आणि कापून ठेवलेला भिजवतो. रत्नागिरीत ही म्हण खोटी ठरली, तर दोष म्हणीचा नसून तिला तिच्या मुलखाबाहेर नेणाऱ्याचा असतो.

'म्हणी सांगा' असे म्हटल्यास वृद्ध माणसांना सहसा काहीच आठवत नाही. नक्षत्र बदलण्याच्या सुमारास बांधावर किंवा पारावर बसून 'या नक्षत्रात पाऊस लागला तर काय होते, असे जुने लोक म्हणत?' एवढेच विचारावे. उत्तर ज्या बोलीत येईल त्याच बोलीत लिहावे, प्रमाणभाषेत सुधारून घेऊ नये. सांगणाऱ्याने म्हण कोणाकडून ऐकली हेही विचारावे, आणि सांगणारी स्त्री असल्यास माहेरचे गाव अवश्य नोंदवावे, कारण सासरी आलेली स्त्री माहेरच्या मुलखातल्या म्हणी सोबत आणते आणि त्या तिथल्या मातीला लागू असतीलच असे नाही.

अर्थही सांगणाऱ्याकडूनच घ्यावा. 'पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा' या म्हणीचा अर्थ भात इतका पिकेल की कुत्रेसुद्धा त्याला तोंड लावणार नाही, असा केला जातो. उत्तरा सप्टेंबरच्या मध्यावर लागत असल्याने तो सयुक्तिकही आहे. पण काही ठिकाणी उत्तराच्या जागी चित्रा म्हणतात. चित्राचा पाऊस ऑक्टोबरमधला, म्हणजे भात पिकून उभा असतानाचा, आणि मग तोच कुत्रा कुजक्या भाताकडे पाठ फिरवतो असेही समजता येते. अशी दोन रूपे मिळाल्यास त्यांतील एक 'शुद्ध' ठरवण्याचा मोह टाळून दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावीत.

नक्षत्रांची बोलीतली नावे पंचांगातील नावांशी जुळवून घ्यावीत: तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, हत्ती म्हणजे हस्त. नक्षत्राच्या वाहनावरून, म्हणजे बेडूक, म्हैस, मोर इत्यादींवरून सांगितले जाणारे भाकीत मात्र वेगळ्या वहीत ठेवावे, कारण ते वाहन पंचांगाच्या गणितातून निघते. शेतकऱ्याच्या निरीक्षणाशी त्याचा संबंध नसतो.

पडताळणीसाठी निदान ३० वर्षांच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी हव्यात, आणि त्या जवळच्या पर्जन्यमापकाच्याच असाव्यात. 'पाऊस पडला' म्हणजे किती, हे आकडे पाहण्याआधी ठरवावे. भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो, तेव्हा नक्षत्रात असे किमान दोन दिवस ही अट पुरेशी आहे. मग पाऊस पडलेल्या वर्षांपैकी किती वर्षी पीक चांगले आले, हे मोजावे आणि पाऊस न पडलेल्या वर्षांपैकी किती वर्षी आले, हेही मोजावे. दुसरी मोजणी बहुतेक जण गाळतात. वास्तविक म्हणीची परीक्षा तिथेच होते.

म्हणीतील शब्द अक्षरशः धरण्याचाही हट्ट नसावा. इंग्लंडमध्ये १५ जुलैला, म्हणजे संत स्विदिनच्या दिवशी, पाऊस आला तर तो ४० दिवस टिकतो अशी समजूत आहे. तिथल्या हवामान विभागाच्या १८६१ पासूनच्या नोंदींत असे सलग ४० दिवस एकदाही आढळत नाहीत. तरीही जुलैच्या मध्यास बसलेली हवा काही आठवडे तशीच राहण्याकडे कल असतो, हे त्या समजुतीमागचे निरीक्षण निराधार नाही. शिवाय १७५२ साली ब्रिटनने दिनदर्शिकेतून ११ दिवस वगळले, त्यामुळे आजचा १५ जुलै हा जुना १५ जुलै नव्हे. आपली नक्षत्रेही ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांना एक दिवस पुढे सरकतात, म्हणून फार जुन्या म्हणीला आठवडाभराची सूट द्यावी.

पिकाच्या उत्पन्नाचे आकडे घेताना बागायत वगळावी. ज्या शिवारात कालवा किंवा विंधन विहीर आली, तिथली त्यानंतरची वर्षे स्वातीच्या पावसावर अवलंबून राहिलेली नाहीत, म्हणून मोजणी कोरडवाहू क्षेत्रापुरतीच ठेवावी आणि पाणी कोणत्या वर्षी आले याची नोंद त्याच पानावर करावी.