बेटांवरच्या जीवांची लॅटिन नावं कशी वाचावीत

व्हॅरेनस कोमोडोएन्सिस. कोमोडो ड्रॅगन म्हणून जगाला माहीत असलेल्या प्रचंड घोरपडीचं हे शास्त्रीय नाव. त्यातला शेवटचा तुकडा पाहा, 'एन्सिस'. त्याचा अर्थ 'तिथला' एवढाच. आपण गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव करतो, तसंच हे. म्हणजे ही घोरपड झाली कोमोडोकर. एवढी एक गोष्ट लक्षात आली की बेटांवरच्या कितीतरी झाडांची आणि प्राण्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत, ती वाचता येतात. कशी, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: नावाचे दोन भाग करा

पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटाचा. रोमन लिपीत त्याचं पहिलं अक्षर मोठं असतं. दुसरा शब्द त्या गटातली नेमकी जात सांगतो आणि तो सगळा लहान अक्षरांत लिहितात. ही दोन शब्दांची पद्धत स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने रूढ केली. वनस्पतींच्या नावांची सुरुवात 1753 पासून धरतात, प्राण्यांच्या नावांची 1758 पासून. बेटाचा पत्ता बहुधा दुसऱ्या शब्दात सापडतो, म्हणून आधी तिकडे वळा.

दुसरी पायरी: शेवट ओळखा

लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, 'पिवळा, पिवळी, पिवळं' आपण रोज म्हणतो. एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं सोकोट्रा बेट घ्या. तिथल्या काकडीच्या कुळातल्या झाडाचं नाव डेन्ड्रोसिसिऑस सोकोट्रानस, तिथल्या बिगोनियाचं बिगोनिया सोकोट्राना, आणि अॅडेनियमच्या तिथल्या रूपाला सोकोट्रानम म्हणतात. सोकोट्राचा, सोकोट्राची, सोकोट्राचं. 'एन्सिस'ला मात्र दोनच रूपं: पुल्लिंग आणि स्त्रीलिंगाला 'एन्सिस', नपुंसकलिंगाला 'एन्से'.

शब्द 'ई' किंवा 'आय'च्या उच्चाराने संपत असेल, तर ती बहुधा षष्ठी असते, 'अमक्याचा' या अर्थाची. इथे घाई करू नका. क्युबातला मेलिसुगा हेलेनी हा जगातला सर्वांत लहान पक्षी. नाव ऐकून सेंट हेलिना बेट आठवतं, पण ही हेलेन म्हणजे एक बाई. हा पक्षी शोधणाऱ्या निसर्गअभ्यासक गुंडलाखच्या मित्राची पत्नी. सेंट हेलिना बेटावरच्या टिटवीच्या कुळातल्या पक्ष्याच्या नावात 'सांक्टेहेलेनी' असा पूर्ण शब्द आहे: संत हेलेनाचा.

आणि 'इन्सुलारिस' दिसलं तर अर्थ फक्त 'बेटावरचा'. कोणतं बेट, ते नाव सांगत नाही. बोथ्रॉप्स इन्सुलारिस हा विषारी साप ब्राझीलजवळच्या एकाच छोट्या बेटावर, केमाडा ग्रांदेवर राहतो. ट्रायमेरेसुरस इन्सुलारिस हा दुसरा साप इंडोनेशियातल्या अनेक बेटांवर आढळतो.

तिसरी पायरी: बेटाचं जुनं नाव शोधा

मला सगळ्यांत जास्त आनंद या पायरीवर मिळतो. जीवाचं नाव एकदा दिलं की टिकतं, बेटाचं बदलत राहतं. 'फॉर्मोसानस' म्हणजे तैवानचा, 'झेलॅनिकस' म्हणजे श्रीलंकेचा, 'बोर्बोनिकस' म्हणजे आज आपण ज्याला रेयुनियन म्हणतो त्या बेटाचा. गॅलापागोसमधल्या एका महाकाय कासवाचं नाव हूडेन्सिस, कारण एस्पान्योला बेटाचं इंग्रजी नाव हूड होतं.

नकाशात न सापडणारं नाव आलं तर जुना नकाशा काढा. 'नॅटालिस' म्हणजे जन्माचा. लाल खेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं ख्रिसमस बेट 1643 साली नाताळच्या दिवशी दिसलं, म्हणून तिथला तो खेकडा गेकार्कॉइडिया नॅटालिस. मात्र 'नॅटालेन्सिस' दिसलं तर दक्षिण आफ्रिकेतल्या पूर्वीच्या नाताल प्रांताकडे जा.

सगळ्यांत फसवा शब्द 'सँडविसेन्सिस'. हवाई बेटांना इंग्रज दर्यावर्दी कुकने 1778 साली सँडविच बेटं म्हटलं, त्यावरून तिथल्या हंसाचं नाव ब्रान्टा सँडविसेन्सिस. पण याच विशेषणाचा एक सुरय पक्षी आहे, त्याचं सँडविच म्हणजे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं गाव! म्हणून एकट्या दुसऱ्या शब्दावर कधीच विसंबू नका.

चौथी पायरी: नाव खरं बोलतंय का, ते तपासा

नाव ही खूणचिठ्ठी आहे, पुरावा नव्हे. लोडोइसिया माल्दिविका या माडाची जोडनारळासारखी फळं मालदीवच्या किनाऱ्याला वाहून येत, म्हणून हे नाव; झाडं सापडली 1768 साली, सेशेल्समध्ये. ऑस्ट्रेलियात हसल्यासारखा ओरडणारा कूकाबुरा 'डासेलो नोवेगिनी', न्यू गिनीचा म्हणवतो, पण तिथे तो राहतच नाही. चूक कळल्यावर नाव बदलत का नाहीत? कारण नियमाने आधी दिलेलं नाव टिकतं. या नियमाचा डोडोला फायदाच झाला. लिनियसने 1758 मध्ये त्याला 'कुकुलाटस', टोपडंवाला, म्हटलं होतं. 1766 मध्ये त्यानेच 'इनेप्टस', बावळट, असं नवं नाव दिलं. आधीचं टिकलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

तपासणीसाठी जातीचं मूळ वर्णन कोणत्या जागेच्या नमुन्यावरून झालं ते पाहा आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतला प्रसाराचा नकाशा त्याच्याशी ताडून बघा. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची ऑनलाइन यादी चांगली आहे. प्राण्याच्या नावापुढे संशोधकाचं नाव कंसात असेल, तर ती जात पूर्वी दुसऱ्या प्रजातीत होती असं समजा. निकोबारी कबुतर, कॅलोएनास निकोबारिका, याच्यापुढे लिनियस कंसात येतो, कारण त्याने ते कोलंबा प्रजातीत घातलं होतं.

कधी नावात बेट नसतंच. सदाफुली आणि गुलमोहर दोन्ही मूळचे मादागास्करचे, पण कॅथॅरँथस रोझियस म्हणजे 'शुद्ध फूल, गुलाबी' आणि डेलोनिक्स रेजिया यातला रेजिया म्हणजे राजेशाही. अशा वेळी पत्ता नकाशातूनच काढावा लागतो.

आता एक नाव स्वतः सोडवून पाहा: नेसिओटा इलिप्टिका. ग्रीकमध्ये 'नेसोस' म्हणजे बेट, 'नेसिओटा' म्हणजे बेटकरी. 'इलिप्टिका' म्हणजे लंबगोल. कोणतं बेट, ते नावात नाही. शोधल्यावर सेंट हेलिना निघतं. प्रजातीत ही एकच जात होती. रानातलं शेवटचं झाड 1994 मध्ये गेलं, लावून जगवलेलं शेवटचं 2003 मध्ये.