'इब्री' या नावाचा माग कसा काढावा

'इब्री म्हणजे नदी ओलांडून आलेले.' बायबलमधल्या यिस्राएली लोकांच्या, म्हणजे हिब्रूंच्या, या नावाबद्दल माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर हे वाक्य आहे, खाली ठसठशीत दोन रेघा. आता त्यातली एक तरी खोडावी म्हणतो. तुम्ही इतकी घाई करू नका.

सुरुवात धातूपासून करा. मूळ हिब्रू शब्द 'इव्री'. अक्षरं आयिन, बेत, रेश. अर्थ पार जाणं. त्याच अक्षरांचा 'एव्हेर' म्हणजे पैलतीर. बायबलच्या यहोशवा 24:2 मध्ये पूर्वज नदीपलीकडे, म्हणजे फरातच्या (युफ्रेटिसच्या) पैलाड, राहत होते असं आहे. उत्पत्ती 14:13 मधल्या 'अव्राम हा-इव्री'ला, म्हणजे 'इब्री अव्राम' या पूर्वजाला, जुन्या ग्रीक भाषांतरात 'पेरातेस' म्हटलंय, तोही पैलतीरचाच.

मग शेवटची 'ई' बघा. पंजाबी, बंगालीतल्या 'ई'सारखीच ती नातं सांगते. नोहाचा मुलगा शेम, त्याच्या वंशावळीत एबर आहे, तेव्हा इव्री म्हणजे एबरच्या कुळातलाही होतो. वंशावळ आधी की नाव आधी, यावर डोकं फोडू नका.

खरी गंमत इजिप्तमधल्या अमार्नाच्या मातीच्या पाट्यांत. त्या 1887 मध्ये सापडल्या, मजकूर इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला. यरुशलेमचा अधिपती अब्दी-हेबा त्यात फेरोकडे गाऱ्हाणं घालतो, की 'हबिरू' मुलूख गिळताहेत. हबिरू, इब्री! मी उडालोच. पण अक्षरं ताडून पाहा. पाट्यांच्या अक्कादी लिपीत आयिन नाही, म्हणून 'ह' आला, इथवर ठीक. उगारिती (प्राचीन सीरियातल्या उगारित शहराच्या) आणि इजिप्शियन लेखनात मात्र 'ब'च्या जागी 'प' आहे. शिवाय हबिरू अनेक प्रदेशांत, अनेक शतकं भेटतात: कुठे भाडोत्री शिपाई, कुठे लुटारू, कुठे परागंदा मजूर. ती जमात दिसत नाही, दर्जा दिसतो. नावांचा संबंध असेलही, पण हबिरू म्हणजेच इब्री असं लिहू नका; अभ्यासकांत अजून वाद आहे.

शेवटी वहीत एक रकाना वाढवा: 'कोण कोणाला म्हणतंय'. मला सगळ्यात जास्त यानेच शिकवलं. इजिप्तचा अंमलदार पोटीफर, त्याची बायको आपल्या गुलाम योसेफाला चिडून इब्री म्हणते. शेजारचे पलिष्टी लढाईत शत्रूला इब्री म्हणतात. आपसांत इब्री स्वतःला म्हणतात बहुधा 'बने यिस्राएल', यिस्राएलची लेकरं. आणि वादळात सापडलेल्या जहाजावर परके खलाशी संदेष्टा योनाला विचारतात, तू कुठला, कोणत्या लोकांतला? तेव्हा तो म्हणतो, 'इव्री आनोखी', मी इब्री आहे.