मतदान केंद्राची जागा ठरवताना या चुका टाळा

‘दरवेळी तिथेच असतं’ हे केंद्र आहे तिथेच ठेवण्याचं सगळ्यांत लाडकं कारण. पाच वर्षांत त्या शाळेचं छप्पर खचलेलं असतं, फाटकासमोर कुणाचं तरी जनसंपर्क कार्यालय उघडलेलं असतं, आणि पडताळणीच्या नमुन्यात मात्र मागच्याच वेळचा मजकूर उतरवलेला असतो. सोबतचा फोटो बहुतेक वेळा दर्शनी बाजूचा. आतली खोली, मागचं शौचालय, रांगेची जागा त्यात दिसतच नाही. लोकसभा-विधानसभेच्या केंद्रांची यादी जिल्हा निवडणूक अधिकारी भारत निवडणूक आयोगाच्या मान्यतेने प्रसिद्ध करतो. पण तिचा खरा आधार बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी), तलाठी आणि क्षेत्रीय अधिकारी जागेवर जाऊन काय पाहतात हाच. (स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाच्या सूचना वेगळ्या असतात.)

अंतर नकाशावर मोजू नका

मतदाराला सहसा २ किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. चूक मोजण्यात होते. नजरी नकाशावर वाडी सव्वा किलोमीटरवर दिसते, मध्ये ओढा असतो आणि पुलाच्या वळशाने तेच अंतर तीनवर जातं. ज्या वाटेने म्हातारं माणूस येणार, त्याच वाटेने मोजा. नर्मदाकाठच्या मणिबेलीत तर कर्मचारी बोटीने पोचतात. गडचिरोली-चिमूरच्या काही भागांत २०२४ च्या लोकसभेला मतदान दुपारी ३ वाजताच संपलं; अशा ठिकाणी वाढलेला एक किलोमीटर थेट मतदानाच्या वेळेतून कापला जातो.

अंतराइतकंच वाटेत काय लागतं हेही पाहायचं. दुर्बल घटकांच्या वस्तीला दुसऱ्या, दबदबा असलेल्या वस्तीतून जावं लागत असेल, तर मतदार कमी असले तरी केंद्र त्यांच्या वस्तीत किंवा अगदी लगत द्यावं. ‘आजवर तक्रार नाही’ हा यावर पुरावा नव्हे. दडपण असलेल्या ठिकाणी तक्रार येतच नाही.

खोली रिकामी असताना मोठी वाटते

किमान २० चौरस मीटर, म्हणजे साधारण १५ बाय १४ फूट, आणि तळमजला. त्यात केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, उमेदवारांचे प्रतिनिधी, टेबलं आणि मतदान कक्ष (मत देण्याचा आडोसा) बसवा, मग जागेची ओढाताण कळते. येण्या-जाण्याला वेगळी दारं हवीत. दार एकच असेल तर बांबू-दोरी बांधून दोन वाटा करता येतात, पण दार तेवढं रुंद हवं.

आणि खिडकी! मतदान कक्षाच्या मागे उघडी खिडकी असेल तर गुप्तता गेलीच, वर व्हीव्हीपॅटलाही (मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्रालाही) धोका. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅटच्या बिघाडांनंतर ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. यंत्रावर पडलेल्या जादा उजेडामुळे आतले सेन्सर चुकले, हे त्या बिघाडांमागचं एक कारण निघालं. म्हणून कक्षाच्या वर किंवा समोर बल्ब-ट्यूब नको आणि ऊन थेट आत येता कामा नये. पाहणी दुपारी बाराला करून हे कळत नाही. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी सातला आणि पश्चिमेच्या खिडकीतून चारला किरण कुठवर येतात ते पाहा आणि कक्षाची जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा. मतदान यंत्राची केबल सुमारे पाच मीटरची असते. ती मतदाराच्या पायात न येता अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचते का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

रांगेचा हिशेब

आयोगाने २०२५ मध्ये एका केंद्राची मतदारमर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली. तरी गणित करा: १,२०० पैकी ६५ टक्के म्हणजे ७८० जण, सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. माणशी ५१ सेकंद, आणि त्यातली ७ सेकंद नुसती व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसण्यात जातात. शिवाय लोक काही दिवसभर सारख्या वेगाने येत नाहीत. एका शाळेत अशी पाच केंद्रं आणि फाटक एकच, तर गर्दी खोलीत नाही, फाटकावर तुंबणार. रांगेची सावली आधी मोजा, खोलीची लांबी-रुंदी नंतर. २० मे २०२४ ला मुंबईतल्या मतदारांनी उन्हातल्या रांगांचा राग उघड बोलून दाखवला होता.

आवाराला कुंपण नसेल तर संध्याकाळी सहाला अडचण होते. तेव्हा रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या द्यायच्या असतात; बंद करायला फाटकच नसेल तर शेवटचा कोण, यावरूनच वाद पेटतो. नोव्हेंबरात तर तेव्हा अंधारही झालेला असतो. म्हणून अंगणात दिवा हवा, नुसता वर्गात नको.

जागा कुणाची?

पोलीस ठाणं, दवाखाना, मंदिर किंवा धार्मिक महत्त्वाची जागा चालत नाही. २०० मीटरच्या आत पक्षाचं कार्यालय असेल तरी नाही. खरी गोची खासगी संस्थांच्या शाळांत होते, कारण आपल्याकडे संस्थाचालक आणि उमेदवार एकाच घरातले निघायला वेळ लागत नाही. विश्वस्तांची नावं पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. नेत्यांच्या तसबिरी आणि ‘यांच्या निधीतून’ असं रंगवलेले बाक झाकायला कागद-चिकटपट्टी साहित्याच्या यादीतच लिहा. गृहनिर्माण सोसायटीत केंद्र असेल तर शेजारच्या चाळीतल्या मतदाराला फाटकावर सोसायटीचा वॉचमन अडवणार नाही, हे लेखी ठरवा. त्या दिवशी तिथे आपला माणूस उभा हवा.

रॅम्प आहे, पण चढता येतो का?

पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे. उतार १:१२ हवा. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प १८ फूट. तेवढी जागा समोर नसेल तर कमी जोत्याची दुसरी खोली घ्या.

ऐनवेळी जागा बदलली तर

पावसाने भिंत पडली, छत गळू लागलं, अशा वेळी बदल करावाच लागतो. पण आयोगाच्या मान्यतेशिवाय नाही. मान्यता मिळाली की पक्षांना व उमेदवारांना लेखी कळवा, गावात दवंडी द्या आणि जुन्या इमारतीवर बाणासकट फलक लावा. मतदानाच्या दिवशी तिथे कोतवालाला सकाळी पावणेसातपासून बसवा, कारण पहिले वीस-पंचवीस जण सवयीने जुन्याच दाराशी येणार.