रोबोटिक ऑपरेशन सांगितलंय? आधी हे विचारून घ्या
पहिलं म्हणजे घाबरू नका, रोबोट स्वतःहून काही कापत नाही, सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून हात चालवतो आणि मशीन तेवढंच करतं. दा विंची या सर्जरीच्या रोबोटला अमेरिकेत 2000 साली परवानगी मिळाली, म्हणजे हे काल-परवाचं नाही. पण मशीनपेक्षा हात महत्त्वाचा, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, हेच ऑपरेशन रोबोटवर तुम्ही स्वतः किती केलीत, आणि मध्येच ओपन, म्हणजे मोठा छेद घेऊन नेहमीसारखं ऑपरेशन, करावं लागलं तर काय. चांगला डॉक्टर चिडत नाही.

मग इन्शुरन्स. पॉलिसीत रोबोटिक सर्जरीला बऱ्याचदा वेगळी लिमिट असते, ती टीपीएकडून (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणारी संस्था) लेखी घ्या, आमच्या बाबांच्या प्रोस्टेटच्या वेळी हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं आणि धावपळ झाली.

पोटावर साधारण 8 मिलिमीटरची चार-पाच भोकं असतात. पोटात गॅस भरतात त्यामुळे नंतर खांदा दुखतो, बाबा म्हणाले अरे ऑपरेशन खाली आणि दुखतंय वर, पण ते दोन-तीन दिवसांत जातं, हळूहळू चालायला लावा. प्रोस्टेट असेल तर कॅथेटर (लघवीची नळी) साधारण आठवडाभर राहतो आणि लघवीवर ताबा यायला महिने लागू शकतात, तेव्हा कीगल व्यायाम (लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम) ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. ताप आला, पोट फुगलं किंवा लघवी अडली तर थांबू नका, लगेच फोन करा.